सालीची बाजू

कोकमाचे फळ फोडल्यावर कोकणातल्या घरांत जपून ठेवली जाते ती साल. बिया काढून घ्यायच्या, गराचा रस मिठासह त्या सालींना लावायचा, उन्हात वाळवायच्या, पुन्हा रसाचे पुट द्यायचे. असे काही दिवस केले की आमसुले होतात. बियांचे तेल निघते ते वेगळे. या फळात साल आणि खाण्याचा भाग असा भेदच उरत नाही. दोडक्याच्या शिरांची चटणी करणाऱ्या, कलिंगडाचा पांढरा भाग थालिपिठात किसून घालणाऱ्या, संत्र्याची वाळलेली साल उटण्यासाठी कुटणाऱ्या घरांनाही हा भेद तितकासा मान्य नव्हता. त्याच घरांतून डाळिंबाची जाडजूड साल मात्र विचार न करता ओल्या कचऱ्याच्या डब्यात जाते, आणि कांदाचाळीतली टरफले वाऱ्यावर उडून जातात. म्हणजे टाकाऊपणा हा वनस्पतीचा गुण नव्हे. तो आपल्या सवयीचा, बाजाराचा आणि वेळेच्या हिशेबाचा परिणाम आहे. टाकलेल्या सालीत नेमके काय असते, ते कसे ओळखतात आणि ओळखल्यावर त्याचे काय करायचे, हा या पुस्तकाचा विषय. तो दिसतो तितका साधा नाही, कारण ‘सालीत अमुक सापडले’ आणि ‘साल गुणकारी आहे’ या दोन विधानांच्या मधे फार मोठी दरी आहे. या क्षेत्राचा दोनशे वर्षांचा इतिहास त्या दरीवरून घाईने मारलेल्या उड्यांनी भरलेला आहे.

सालीतच इतकी रसायने का, या प्रश्नापासून सुरुवात केलेली बरी. साल ही फळाची वेस आहे. ऊन, कीड, बुरशी, कोरडी हवा, सगळे आधी तिच्यावर आदळते. झाडाला पळून जाता येत नाही. त्याचा बंदोबस्त रसायनांचाच असतो, आणि तो वेशीवर ठेवणेच शहाणपणाचे. अतिनील किरण शोषणारी फ्लॅव्होनॉइड, तोंड तुरट करून कच्चे फळ खाणाऱ्याला परतवणारी टॅनिन, कीटकांना नकोशी वाटणारी बाष्पशील तेले, पाणी धरून ठेवणारे मेण हे सारे सालीत दाटलेले असते. सफरचंदातले क्वेर्सेटिन बहुतांशी सालीत असते आणि उर्सोलिक आम्ल सालीवरच्या मेणात. संत्र्याच्या सालीचा वास येतो तो मुख्यतः लिमोनीनचा. पण हाच नियम बटाट्यालाही लागू आहे: त्यातले सोलानिन आणि चाकोनिन ही विषारी द्रव्ये साल आणि कोंब यांतच जास्त असतात. झाडाच्या लेखी क्वेर्सेटिन आणि सोलानिन यांत नैतिक फरक काही नाही, दोन्ही त्याच्याच संरक्षणाची साधने. त्यातले काही आपल्याला मानवते, काही बाधते, आणि पुष्कळसे शरीरातून नुसते जाते. आपला फायदा झाडाने योजलेला नसतो, त्यामुळे तो प्रत्येक वेळी वेगळा सिद्ध करावा लागतो.

ओळख पटवण्याचा इतिहास फ्रान्समध्ये सुरू होतो. १८२५ मध्ये आंरी ब्राकोनो या रसायनज्ञाने वनस्पतींतला गोठवणारा पदार्थ वेगळा करून त्याला पेक्टिन हे नाव दिले. तीन वर्षांनी, १८२८ मध्ये, लब्रतों याने संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या अस्तरातून हेस्पेरिडिन काढले. त्या काळची रीत म्हणजे साल मद्यार्कात भिजवायची, अर्क आटवायचा आणि स्फटिक पडण्याची वाट पाहायची. या रीतीत जे भरपूर आहे आणि ज्याचे स्फटिक सहज पडतात तेच सापडते. बाकीचे असूनही नसल्यासारखे. ही अडचण रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने विसाव्या शतकाच्या आरंभी सोडवली. खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडला की त्यातली रंगद्रव्ये वेगवेगळ्या पट्ट्यांत थांबतात, हे त्याने १९०३ मध्ये वॉर्सात मांडले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिले. आज प्रयोगशाळांत गुणगुणणारी लाखो रुपयांची यंत्रे म्हणजे त्या नळीचेच वंशज.

या इतिहासात एक नाव आपल्याकडे फारसे घेतले जात नाही: जपानच्या कुरोदा चिका. १९१३ मध्ये तोहोकू विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या पहिल्या तीन स्त्रियांपैकी त्या एक. वांग्याच्या सालीतले जांभळे रंगद्रव्य त्यांनी ओळखले. वांग्याला जपानीत ‘नासु’ म्हणतात, म्हणून ते ‘नासुनिन’. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी कांद्याच्या टरफलांतून क्वेर्सेटिन स्फटिकरूपात मिळवले आणि त्यातून रक्तदाबावरचे एक औषध जपानी बाजारात आले. टरफलाकडे कच्चा माल म्हणून पाहण्याचे इतके स्वच्छ उदाहरण त्या काळात दुसरे सापडणे कठीण. भारतात फ्लॅव्होनॉइडांवर टी. आर. शेषाद्री यांनी वॉल्टेअर आणि दिल्ली इथे संशोधकांची फळी उभी केली. के. वेंकटरामन यांनी लाहोरला असताना फ्लॅव्होन बनवण्यासाठी वापरली जाणारी, पुढे बेकर-वेंकटरामन या जोडनावाने पाठ्यपुस्तकांत गेलेली अभिक्रिया दिली. नंतर ते मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात आले आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. संयुग प्रयोगशाळेत घडवून दाखवणे हा त्या पिढीत ओळखीचा शेवटचा पुरावा मानला जाई. रचना कागदावर काढली एवढ्याने भागत नसे.

पण त्याच पिढीच्या डोळ्यांसमोर पहिली मोठी उडी चुकली. १९३६ मध्ये हंगेरीत अल्बर्ट सेंट-जॉर्जी आणि रुस्न्याक यांनी लिंबू आणि पाप्रिका मिरची यांतल्या फ्लॅव्होनॉइडांमुळे केशवाहिन्यांची गळती कमी होते असे मांडून त्यांना ‘पी’ जीवनसत्त्व म्हटले. पुढच्याच वर्षी सेंट-जॉर्जींना नोबेल मिळाले. मात्र फ्लॅव्होनॉइडांच्या अभावाने होणारा रोग कधी दाखवता आला नाही आणि ‘पी’ हे अक्षर जीवनसत्त्वांच्या यादीतून गळले. इथे एक गंमत आहे. हेस्पेरिडिन या फ्लॅव्होनॉइडापासूनच बनवलेले डायोस्मिन आज मूळव्याध आणि पायांच्या शिरांच्या विकारांवर गोळ्यांच्या रूपात दिले जाते. म्हणजे निरीक्षणात तथ्य होते. मोठे झाले होते ते नाव. सालीच्या बाबतीत हे वारंवार घडते. छोटे, नेमके, उपयोगी असे काही हाती येते आणि त्याच्यावर अमृताची चिठ्ठी डकवली जाते.

ही चिठ्ठी सगळ्यांत जास्त डकवली गेली ती ‘अँटिऑक्सिडंट’ या शब्दाने. १९५८ मध्ये ब्लॉइस याने डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनाची सोपी चाचणी दिली: अर्क घाला, जांभळा रंग पिवळा पडला की अर्कात ऑक्सिडीकरण रोखणारे द्रव्य आहे. फोलिन-सिओकाल्टू या अभिकर्मकाने ‘एकूण फिनॉल’ मोजण्याची पद्धत १९६५ पासून रूढ झाली. दोन्ही चाचण्या स्वस्त, जलद, कुठल्याही महाविद्यालयात होण्याजोग्या. आणि तिथेच घात झाला. फोलिनचा निळा रंग फिनॉलांनीच येतो असे नाही. क जीवनसत्त्वानेही येतो, काही शर्करांनीही. म्हणजे चाचणी ‘काहीतरी आहे’ एवढेच सांगते, काय आहे ते सांगत नाही. तरीही केळ्यापासून कवठापर्यंत प्रत्येक सालीवर या दोन चाचण्या करून शेवटी ‘ही साल आरोग्यास हितकारक ठरू शकते’ असे वाक्य टाकणारे शोधनिबंध ढिगाने निघाले. परीक्षानळीतल्या अशा आकड्यांचा मानवी आरोग्याशी संबंध सिद्ध झालेला नाही आणि विक्रेते ते वाटेल तसे वापरतात, असे कारण देऊन अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये अशा आकड्यांचा आपला कोश संकेतस्थळावरून काढून टाकला. त्याआधी, १९९४ मध्ये, फिनलंडमधल्या २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीत बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला होता. गाजर वाईट असा याचा अर्थ नव्हे. भाजीतले द्रव्य आणि गोळीतले द्रव्य यांना एकच समजू नये, एवढा धडा मात्र त्यात होता, आणि तो पुरता गिरवला गेला नाही.

कोकमाकडे पुन्हा वळू, कारण ओळख, आशा आणि अपेक्षाभंग यांची सगळी कथा त्याच्या कुळात एकत्र सापडते. केरळात माशाच्या कालवणात घालतात ती कुडमपुळी कोकमाची चुलतबहीण. तिचीही सालच वाळवून, धुरी देऊन वापरतात. तिचा आंबटपणा टार्टारिक किंवा सायट्रिक आम्लाचा असावा असे बरीच वर्षे धरून चालले होते. १९६५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या लुईस आणि नीलकंठन यांनी ते हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे हे दाखवले. चूक ओळख दुरुस्त करणारे, आपल्याच सालीवर आपल्याच संस्थेत झालेले हे काम खरोखर देखणे आहे. चार वर्षांनी अमेरिकेत असे आढळले की हे आम्ल शरीरात चरबी तयार होण्याच्या वाटेवरचे एक विकर अडवते. उंदरांवर प्रयोग झाले, अपेक्षा वाढल्या आणि १९९०च्या दशकात या सालीचा अर्क वजन घटवणारी गोळी म्हणून जगभर विकला जाऊ लागला. मग १९९८ मध्ये अमेरिकी वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात १३५ जणांवरची बारा आठवड्यांची चाचणी छापून आली: अर्क घेणारे आणि नुसती साधी गोळी घेणारे यांच्या वजनात लक्षणीय फरक नाही. पुढे अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वैद्यकीय साहित्यात येत गेल्या. कालवणातली साल मात्र निरुपद्रवी ती निरुपद्रवीच राहिली. ओळख बरोबर, यंत्रणा बरोबर, दावा चूक: असे होऊ शकते, हे समजण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण नाही. आमसुलातले गार्सिनॉल हे पिवळे द्रव्यही म्हैसूरच्याच संशोधकांनी १९८१ मध्ये वेगळे केले आहे. त्याच्याबद्दल आज जे उत्साहाने लिहिले जाते ते वाचताना धाकट्या भावाच्या लग्नात थोरल्याचा अनुभव आठवावा.

डाळिंबाची गोष्ट वेगळ्या कारणाने शिकवण्याजोगी आहे. २००० साली स्पेनमधल्या संशोधकांनी पाहिले की बाजारातल्या रसात प्युनिकॅलॅजिन हे टॅनिन हाताने सोललेल्या दाण्यांच्या रसापेक्षा जास्त असते. कारण साधे: कारखान्यात फळ सालीसकट दाबले जाते, आणि साल आपला ऐवज रसात सोडते. दाण्यांची म्हणून जी कीर्ती झाली तिच्यात सालीचा वाटा होता. पण पुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा. प्युनिकॅलॅजिन जसेच्या तसे रक्तात शिरत नाही. आतड्यात त्याचे एलॅजिक आम्ल होते, मग तिथले जिवाणू त्यापासून युरोलिथिन नावाची संयुगे बनवतात, आणि तीच शोषली जातात. हे काम करणारे जिवाणू प्रत्येकाच्या पोटात सारखे नसतात. काहींच्या शरीरात युरोलिथिन जवळपास बनतच नाहीत. तेव्हा एकाच सालीचा अर्क दोघांनी घेतला तरी दोघांनी एकच द्रव्य घेतले असे म्हणता येत नाही. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, भोवतालचा पट्टा डाळिंबाचा, फळाच्या वजनातला मोठा हिस्सा सालीचा. या प्रश्नात आपण नुसते वाचक राहण्याचे कारण नाही.

‘हे सगळे आयुर्वेदाने आधीच सांगितले आहे’ असा एक आक्षेप इथे हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण आक्षेप घेणाऱ्याला वाटते त्या बाजूने नाही. अतिसारावर डाळिंबाची साल आली आहे. त्रिफळ्यात हिरडा-बेहड्याचे बी नव्हे, वरचे कवच घेतात. पण परंपरेने ‘साली खा’ असे सरसकट कधी म्हटले नाही. कोणत्या झाडाची, कोणता भाग, कसा वाळवून, कशाबरोबर, कोणाला, किती, असे तिचे बोलणे असते. चिनी वैद्यकातली संत्र्यासारख्या फळाची ‘चेनपी’ साल तर वर्षानुवर्षे मुरवून वापरतात. ताजी साल आणि मुरलेली साल ही तिथे दोन वेगळी द्रव्ये. परंपरा शोधाला दिशा देते आणि तयारीची शिस्तही शिकवते. संयुगाचे नाव आणि मात्रेचा पुरावा मात्र प्रयोगशाळेकडून आणि रुग्णांवरच्या चाचण्यांतूनच येतो. एकाचे काम दुसऱ्याच्या खात्यावर मांडले की दोन्ही नासतात.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. फवारणीचे अंश सर्वांत जास्त सालीवर असतात; वरवरचे धुऊन कमी होतात, झाडात भिनलेले नाही. साल वाळवून तिचा अर्क काढला की हितकारक द्रव्याबरोबर नको ते द्रव्यही दाट होऊ शकते. आंब्याच्या सालीत आणि चिकात त्वचेला पुरळ आणणारी द्रव्ये आहेत. ग्रेपफ्रूटसारख्या फळांतली फ्युरॅनोकुमॅरिन काही औषधांचे विघटन रोखून त्यांचे रक्तातले प्रमाण धोकादायक वाढवतात. १९८९ मध्ये कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटाला हे जवळजवळ योगायोगानेच कळले. या पुस्तकाने म्हणून प्रत्येक सालीबरोबर तिच्यातल्या अपायकारक द्रव्यांचीही ओळख करून दिली आहे. फायदे एका पुस्तकात आणि धोके दुसऱ्या पुस्तकात असे वाटप या विषयात चालत नाही, कारण दोन्ही एकाच चमचाभर पुडीत असतात.

मग सालीला खात्रीने गुणकारी म्हणावे असे काही आहे की नाही? आहे, आणि ते सर्वांत जुने, सर्वांत बिनरंगी आहे. ब्राकोनोचे पेक्टिन आज बहुतांशी लिंबू-संत्र्याच्या साली आणि सफरचंदाचा चोथा यांपासूनच बनते. आम्लयुक्त गरम पाण्यात साल शिजवायची, गाळायची, मद्यार्क घालून पेक्टिन खाली बसवायचे, ही रीत ब्राकोनोला पाहताक्षणी कळली असती. जॅमच्या बाटलीवरचा ४४० हा क्रमांक त्याचाच. शिवाय युरोपीय संघाने २०१२ मध्ये पुरावा तपासून आरोग्यविषयक दाव्यांची यादी मंजूर केली, तिच्यात पेक्टिनला जागा मिळाली: दिवसाला ६ ग्रॅम घेतल्यास रक्तातले कोलेस्टेरॉल सामान्य राखायला मदत. चमत्कार नाही, पण मात्रेसकट सांगितलेला, तपासलेला दावा. माझे मत असे की सालीचे भवितव्य औषधाच्या गोळीपेक्षा अशाच कामांत आहे: घट्टपणा, रंग, वास, आंबटपणा, टिकाऊपणा, कापडाची रंगाई, तंतू. कांद्याचे टरफल तुरटीबरोबर सुंदर पिवळा-नारिंगी रंग देते. त्यासाठी ते कर्करोग बरा करते असे सांगण्याची गरज नाही.

याच जागेवरून या क्षेत्रातला अलीकडचा पंथ सुरू होतो. त्याला एका संयुगात रस नाही, पूर्ण सालीत आहे. ब्रिटनच्या यॉर्क विद्यापीठात जेम्स क्लार्क यांच्या गटाने सूक्ष्मलहरींच्या उष्णतेने संत्र्याच्या सालीतून तेल, पेक्टिन आणि इतर द्रव्ये एकामागोमाग काढण्याचे प्रयोग केले. कोणी तरी विनोदबुद्धीने त्या उपक्रमाच्या नावाची आद्याक्षरे तेल उत्पादक देशांच्या संघटनेशी जुळवली, ‘ओपेक’. या पंथाचा विचार क्रमाचा आहे: आधी तेल, मग रंग, मग पेक्टिन, उरलेल्याचे खत किंवा गॅस. क्रम चुकला तर नुकसान होते. लिमोनीन न काढता संत्र्याच्या साली गोबरगॅससारख्या संयंत्रात टाकल्या तर ते तिथल्या जिवाणूंनाच जाचते. या पंथाची खरी अडचण मात्र रसायनशास्त्रात नाही, ती गोळा करण्यात आहे. ताज्या सालीत बहुतेक पाणीच असते. ती एका दिवसात आंबते, आणि वाळवायला लागणारे इंधन कधीकधी मिळणाऱ्या द्रव्यापेक्षा महाग पडते. कांद्याचे टरफल मुळातच कोरडे म्हणून ते अपवाद. रत्नागिरीतल्या आंब्याच्या कारखान्यात किंवा रस काढणाऱ्या उद्योगात एकाच जातीची साल एका जागी पडते, तिथे हे जमण्यासारखे आहे. घरोघरच्या डब्यातून आलेल्या, चहाच्या चोथ्यात मिसळलेल्या सालीतून शुद्ध संयुग काढण्याचे स्वप्न कुणी दाखवले तर आधी त्याच्याकडे वाहतुकीचा हिशेब मागावा. तिथे खत हेच प्रामाणिक उत्तर.

हा विषय आताच का, याचे उत्तर आकड्यांत आहेच. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात किरकोळ विक्री, खानावळी आणि घरे मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेले, त्यातले सुमारे ६० टक्के घरांतून. या मोजणीत साली, बिया असे न खाल्ले जाणारे भागही धरलेले आहेत, हे बातम्यांत सहसा सांगितले जात नाही. दुसरे कारण साधनांचे आहे. वस्तुमान वर्णपटमापक एका अर्कातल्या शेकडो संयुगांचे ठसे एकदम घेतो आणि ते जगभरच्या संग्रहांशी ताडता येतात. ओळख स्वस्त होत चालली आहे. म्हणूनच ओळखीच्या पुढच्या प्रश्नांची, म्हणजे किती आहे, शरीरात पोचते का, पोचून काय करते यांची, जबाबदारी वाढली आहे. यादी लांबली म्हणजे ज्ञान वाढले असे होत नाही.

हे पुस्तक त्या प्रश्नांच्या क्रमाने साली हाताळते. पुराव्याची पायरी प्रत्येक ठिकाणी सांगितली आहे: परीक्षानळी, पेशी, प्राणी की माणूस. रसायनाचा अभ्यास न केलेल्या वाचकाला रचनांच्या आकृत्या ओलांडून जाता येईल. धागा तुटणार नाही. महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना एक विनंती: पुढचा प्रबंध ‘अमुक सालीची अँटिऑक्सिडंट क्षमता’ या नावाचा असेल तर त्याआधी कोकमाचे प्रकरण वाचा, आणि रंग बदलला एवढ्यावर न थांबता तो कोणत्या संयुगाने बदलला ते शोधा. इतर वाचकांनी हे वाचून उद्यापासून सगळ्या साली खायला सुरुवात करू नये. दोडक्याच्या शिरांची चटणी जरूर करावी. हिरव्या पडलेल्या बटाट्याची साल पूर्वीसारखीच टाकायची आहे. शिजवल्याने सोलानिन जात नाही.